गिरडची टेकडी आणि शहरातल्या हिरव्या भिंती

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातलं गिरड ओळखलं जातं ते तिथल्या टेकडीमुळे. टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे, हिंदू आणि मुसलमान दोघेही तिथे भक्तिभावाने येतात, आणि टेकडीच्या अंगावर गोलसर दगडी गोटे विखुरलेले सापडतात. या गोट्यांची कथा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गॅझेटियरने नोंदवून ठेवली आहे. तीस वर्षे फकिरी करत हिंडल्यावर शेख फरीद इ. स. १२४४ मध्ये इथे आले. माल घेऊन चाललेल्या दोन बंजाऱ्यांनी त्यांची टिंगल केली, तेव्हा त्यांच्याजवळचे नारळ आणि बाकी सगळा माल दगड होऊन पडला. बंजारे शरण आले. मग फरीदबाबांनी वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला, आणि ते दोघे मरेपर्यंत तिथेच सेवेला राहिले. इतिहास म्हणून यातलं साल स्वीकारणं अवघड आहे. सुप्रसिद्ध बाबा फरीद यांची कबर पंजाबात पाकपट्टणला आहे आणि त्यांच्या नावाची स्थानं देशात अनेक ठिकाणी आहेत. पण एखाद्या जागेशी माणसांनी कसं नातं जोडलं याचा पुरावा म्हणून ही कथा मोलाची आहे, आणि आज शहरांत झाडं, माती, वेली यांच्यातून सार्वजनिक कलाकृती उभ्या करणाऱ्यांनी ती वाचायला हवी.

भूशास्त्र या गोट्यांचा उलगडा सोपा करून देतं. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांमध्ये पाण्याने आणलेली झिओलाइटसारखी खनिजं साचली. भोवतालचा काळा खडक झिजून गेला की आतला गोटा मोकळा होतो. निसर्गाने एवढंच केलं. त्याला नारळ म्हणायचं काम माणसांनी केलं, आणि तेही समुद्रापासून शेकडो मैल आत, जिथे नारळ बैलाच्या पाठीवरून येणारा व्यापाराचा जिन्नस होता. टेकडी, तिचे दगड, वरची वास्तू, खालून वर जाणारी माणसं आणि ही कथा, सगळं मिळून एक रचना झाली आहे. कुणी म्हणेल, हिला कला कशी म्हणायची? कलावंत नाही, आराखडा नाही, हेतू नाही. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. एका माणसाची सही नाही हे खरं. पण दगडाला अर्थ देणं, त्या अर्थासाठी लोकांनी चढून यावं अशी जागा घडवणं आणि पिढ्यान् पिढ्या ती राखणं, हे सार्वजनिक कलेकडून आपण मागतो त्यापेक्षा कमी नाही. शिवाय कथेचा शेवट कुठे होतो पाहा. माल परत मिळाल्यावर बंजाऱ्यांनी बैल हाकून निघून जायला हरकत नव्हती. ते राहिले. जागेला तिची निगा राखणारी माणसं मिळाली, तिथे गोष्ट पुरी झाली.

ज्यांना कलावंताचं नाव हवंच आहे त्यांच्यासाठी त्याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तेव्हाच्या शेगावात राहायला आले. आज जी बापू कुटी म्हणून ओळखली जाते ती मुळात मीराबेन यांची झोपडी. माती, बांबू, लाकूड, कवेलू असं आसपास मिळणारं सामान आणि गावातलेच हात यांवर ती उभी राहिली. तिच्या मातीच्या भिंतींवर मीराबेननी मातीचेच उठाव करून झाडं आणि चरखा काढले. भिंत ज्या मातीची, चित्रही त्याच मातीचं. चित्र टिकवायचं तर भिंत टिकवावी लागते आणि भिंत टिकवायची तर तिला वरचेवर हात लावावा लागतो. विदर्भातल्या मातीच्या घराला दर पावसाळ्यानंतर डागडुजी लागते, सारवण लागतं, कवेलू फेरावे लागतात. आश्रमाच्या आवारात १९३६ मध्ये गांधीजींनी लावलेला पिंपळ आहे, कस्तुरबांची बकुळ आहे. ही कुटी काँक्रीटची असती तर कदाचित कमी कष्टांत उभी राहिली असती, पण मग तिच्याभोवती कामाची ती शिस्त जमली नसती. तिचं आयुष्य लांबलं ते साहित्य चिवट होतं म्हणून नव्हे, तर साहित्य नाजूक आहे हे ठाऊक असलेली माणसं तिच्याजवळ राहिली म्हणून.

हेच सूत्र युरोपातल्या एका प्रसिद्ध कलाकृतीत दिसतं, आणि तिथेही काळा बेसाल्टच आहे. जर्मनीतल्या कासेल शहरात १९८२ च्या डॉक्युमेंटा प्रदर्शनासाठी योझेफ बॉइस या शिल्पकाराने एका संग्रहालयासमोर बेसाल्टच्या सात हजार शिळांचा ढीग रचला. शहरात एक झाड लावायचं, शेजारी एक शिळा रोवायची, की ढिगातली एक शिळा कमी. मोटारी लावायची जागा जाते म्हणून काही नागरिक चिडले. बॉइस १९८६ मध्ये वारला. शेवटचं झाड त्याच्या मुलाने १९८७ मध्ये लावलं. दगड आहे तेवढाच राहतो, झाड वाढत जातं, आणि शहराला वर्षानुवर्षं दोघांकडे लक्ष द्यावं लागतं. बॉइसची खरी कलाकृती मला ढिगात दिसत नाही. एका अख्ख्या शहराच्या गळ्यात त्याने जी जबाबदारी घातली, तिच्यात दिसते.

आपल्या शहरांत आता उड्डाणपुलांच्या खांबांवर आणि कार्यालयांच्या दर्शनी भिंतींवर उभ्या बागा येत आहेत. पॅरिसच्या क्वे ब्रांली संग्रहालयावर पात्रिक ब्लांक या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेली भिंत हा त्यांचा नामांकित पूर्वज. कल्पना सुंदर आहे, पण तिची घडण समजून घेतली पाहिजे. रोपाची मुळं जमिनीत नसतात. कापडाच्या थरात किंवा छोट्याशा कुंडीत असतात, आणि त्यांना पाणी व खत बारीक नळ्यांतून पोचतं. पंप बंद पडला की मुळांना आधाराला ओलावा उरत नाही. लंडनच्या इस्लिंग्टन भागातली अशी एक हिरवी भिंत २००९ मध्ये अशीच वाळून गेली, आणि लंडनचं हवामान कुठे, विदर्भातला मे महिना कुठे. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तिथे खांबाला टांगलेली कुंडी एक-दोन दिवसांत कोरडी पडते. ठेका संपला, देयक अडकलं, तर पहिलं मरतं ते रोप. उद्घाटनाची तारीख कागदावर असते. चौथ्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे सहसा नसतं.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. दर्गा श्रद्धेवर टिकला, आश्रम एका महापुरुषाच्या पुण्याईवर. महानगरपालिकेने लोकांकडे भक्ती मागायची का? आणि श्रद्धा तरी कुठे भरवशाची? माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हाही त्या आक्रसत चालल्या होत्या. देव राहतो, त्याला पक्कं देऊळ मिळतं आणि राई तोडली जाते, हे महाराष्ट्राने पुष्कळ पाहिलं आहे. आक्षेप खरा आहे. नुसत्या श्रद्धेने झाड वाचतं असं मी म्हणत नाही. उलट, देवराईचा हा अनुभव माझंच म्हणणं पक्कं करतो: श्रद्धा कायम असूनही राखणीची रीत मोडली की राई जाते, आणि कासेलमध्ये श्रद्धेचा प्रश्नच नसताना रीत लागल्यामुळे झाडं उभी राहिली. सेवाग्रामच्या सारवणालाही मंत्र लागत नाही, वेळापत्रक लागतं.

शहरी कारभाराला ही रीत अशक्य नाही. गावोगावच्या पारांनी ती शतकानुशतकं चालवली: वड-पिंपळाभोवती दगडी ओटा, बुंध्याशी उघडी माती, बसणाऱ्यांची सावली आणि वैशाखात पाणी घालण्याचा परिपाठ. यातला बुंध्याभोवतीचा मोकळा मातीचा घेर आजच्या पदपथांवर पेव्हर ब्लॉकनी गिळला आहे. दिल्लीतल्या झाडांभोवतीचं असं काँक्रीट एक मीटरपर्यंत काढा, असं राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ मध्ये सांगावं लागलं. महाराष्ट्राने आपल्या १९७५ च्या शहरी वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला, ही चांगली गोष्ट झाली. त्याच्या जोडीने सार्वजनिक कलेच्या प्रत्येक जिवंत कामाच्या मंजुरीत पहिल्या दिवसाच्या खर्चाइतकीच पुढच्या तीस वर्षांच्या निगेची तरतूद, त्या वस्तीतल्या माळ्याचं पद आणि मुळांना खरी जमीन, या तीन गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत. ज्या कामाला ही तरतूद परवडत नाही, त्याचे पैसे वाचवून त्याच रस्त्यावर कडुनिंबाची रोपं लावावीत आणि पहिली तीन वर्षं त्यांना पाणी घालावं.