वाटसरूंची मोजदाद : नाणेघाट-जुन्नर ते वेब ॲनालिटिक्स

प्रस्तावना

एखाद्या मार्गावरून किती माणसे गेली, ती कोठून आली आणि कशासाठी आली, हे प्रश्न राज्यकर्ते, व्यापारी आणि इतिहासकार या तिघांनाही महत्त्वाचे वाटत आले आहेत. आज हेच प्रश्न संकेतस्थळांच्या संदर्भात विचारले जातात. त्यांची उत्तरे शोधण्याच्या पद्धतीस वेब ॲनालिटिक्स असे म्हणतात. संकेतस्थळास भेट देणाऱ्यांची संख्या, ते कोणत्या दुव्यावरून आले, कोणत्या पानावर किती वेळ थांबले आणि कोठून परत फिरले, याची नोंद त्यात घेतली जाते. अनेक शैक्षणिक संस्थांच्या संकेतस्थळांवर तळाशी भेटींचा आकडा दिसतो आणि तो संस्थेच्या प्रसिद्धीचे प्रमाण म्हणून उद्धृतही होतो. तथापि, हा आकडा नेमका कशाचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

मार्गावरील रहदारी मोजण्याची समस्या संगणकाहून फार प्राचीन आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावरील या प्रदेशात घाटवाटा, लेणी आणि शिलालेख यांच्या रूपाने प्राचीन रहदारीच्या खुणा टिकून आहेत. प्रस्तुत लेखात या खुणांचे स्वरूप तपासून त्यांच्या आधारे आधुनिक मोजणीचा अर्थ लावण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे.

प्रदेश आणि मार्ग

जुन्नर हे कुकडी नदीच्या खोऱ्यात, तर आंबेगाव तालुका मुख्यत्वे घोड नदीच्या खोऱ्यात वसला आहे. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा असून त्याखाली कोकण आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून येणारा माल घाट चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठण, तेर यांसारख्या नगरांकडे जाई. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक ग्रंथात पैठण, तगर (तेर), कल्याण आणि भडोच यांचे उल्लेख आहेत. कल्याणच्या बंदरात चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशीही नोंद त्यात आहे. ही नोंद राजकीय स्पर्धेची निदर्शक आहेच. शिवाय रहदारीवर लक्ष ठेवणे हे त्या काळीही सत्तेचे साधन होते, हे तीवरून स्पष्ट होते.

नाणेघाट : नावाविना संख्या

जुन्नर-कल्याण मार्गावरील नाणेघाट हा खडक फोडून तयार केलेला घाट आहे. घाटाच्या तोंडाशी सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख असलेले लेणे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल विल्यम साइक्स यांनी या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे भगवानलाल इंद्रजी, जॉर्ज ब्यूलर आणि वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला. लेण्याच्या मागील भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका आदींच्या प्रतिमा होत्या. आज प्रतिमांचे केवळ अवशेष उरले असून त्यांची नावे मात्र कोरलेली आहेत.

लेखाचा मुख्य विषय राजघराण्याने केलेले यज्ञ आणि दिलेल्या दक्षिणा हा आहे. त्यात १,७०० गायी, १० हत्ती, २४,४०० कार्षापण असे आकडे येतात. भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात या लेखाचे स्थान मोठे आहे. त्यातील पद्धतीत शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. २४,४०० ही संख्या वीस हजार, चार हजार आणि चारशे यांच्या स्वतंत्र चिन्हांनी लिहिली आहे. म्हणजे मोठ्या संख्यांची नोंद करण्याचे ज्ञान आणि सवय या घाटाच्या तोंडाशी उपलब्ध होती.

असे असूनही लेखाच्या उपलब्ध भागात घाटातून जाणाऱ्या माणसांची वा बैलांची संख्या नाही, जकातीचा दर नाही आणि घाटमाथ्यावरील प्रसिद्ध दगडी रांजणाचा उल्लेखही नाही. रांजणात जकातीची नाणी टाकली जात, ही लोकपरंपरा आहे. घाटाचे नावही नाण्यांशी जोडले जाते. परंपरा खरी मानली, तरी रांजण भरल्यावर हाती येणारी संख्या नाण्यांची असणार, माणसांची नव्हे. शंभर बैलांच्या तांड्याने एक नाणे दिले की शंभर, यावर त्या संख्येचा अर्थ अवलंबून राहतो. शिवाय नाण्यावर देणाऱ्याचे नाव नसते. रांजण हा अशा रीतीने नावाविना संख्येचा नमुना ठरतो.

लेण्यांतील लेख : संख्येविना नाव

याच परिसरात दुसऱ्या प्रकारचा पुरावा मिळतो. नाणेघाटातील एका टाक्याच्या लेखात सोपाऱ्याच्या गोविंददासाने ते दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या लेखात कामवन येथील दामघोष याचे नाव येते. चढण चढून आलेल्या वाटसरूस पाण्याची गरज किती असेल, हे लक्षात घेता या दानांचा रहदारीशी असलेला संबंध उघड आहे.

जुन्नरभोवतीच्या लेण्याद्री, शिवनेरी, तुळजा आणि मानमोडी या लेणीसमूहांत असे अनेक दानलेख आहेत. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचे दान आहे. तो हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा वा कोशाधिकाऱ्याचा, पुत्र होता. मानमोडीच्या लेण्यांत भडोचचे बुद्धमित्र आणि बुद्धरक्षित हे बंधू दाते म्हणून भेटतात. इरिल, चित आणि चंद या तीन यवनांची दाने लेखांत नोंदली आहेत. इरिलाने दोन टाकी दिली, तर चिताने संघासाठी भोजनमंडप दिला. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याच्या लेखात वर्ष ४६ असा काळही दिला आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे व टाके दिल्याचाही लेख येथे आहे.

वेब ॲनालिटिक्समध्ये भेट देणारा कोठून आला, कोणत्या प्रकारचा होता आणि त्याने शेवटी काय केले, हे तीन तपशील मोलाचे मानले जातात. जुन्नरच्या दानलेखांत हे तिन्ही आहेत. मूळ गाव कल्याण, भडोच वा सोपारा. ओळख यवन, सोनाराचा पुत्र, अमात्य वा श्रेणी. आणि कृती टाके, मंडप वा चैत्यगृह. मात्र या लेखांवरून एकूण रहदारी काढता येत नाही. एका दात्यामागे किती हमाल, बैलवाले आणि भिक्षू त्या वाटेने गेले, हे लेख सांगत नाहीत. ज्याच्याजवळ दान देण्याइतके धन होते, त्याचेच नाव उरले.

यात आणखी एक गोष्ट उल्लेखनीय आहे. दानलेखातील नाव दात्याच्या इच्छेने कोरलेले आहे. आपण येथे येऊन गेलो हे जगाला कळावे, अशी त्याची इच्छा होती. नोंद करणारा आणि ज्याची नोंद झाली तो, यांच्यात येथे विरोध नाही.

आहुपे घाट : न नोंदलेली वाट

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकास आहुपे घाट आहे. तो मुरबाड तालुक्यात उतरतो. महादेव कोळी समाजाच्या वस्तीतील ही वाट कोकण व घाटमाथा यांना नाणेघाटाप्रमाणेच जोडत आली. तेथे नागनिकेच्या लेखासारखा राजलेख नाही आणि इतिहासग्रंथांत त्या वाटेस मिळालेले स्थानही अल्प आहे.

इंग्रज वैद्य जॉन फ्रायर १६७५ मध्ये जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून मुंबईहून जुन्नरला आला. त्याचा प्रवासवृत्तान्त १६९८ मध्ये प्रसिद्ध झाला. जाताना त्याने आहुपे घाटाची चढण चढली आणि परतताना तो नाणेघाटाने उतरला, असे त्याच्या वर्णनावरून मानले जाते. एका परक्या प्रवाशाने लिहिले म्हणून ती वाट कागदावर आली. पिढ्यान्‌पिढ्या तीच वाट तुडविणाऱ्यांनी लिहिले नाही, म्हणून त्यांची रहदारी अदृश्य राहिली. पुरावा नसणे म्हणजे रहदारी नसणे नव्हे, हा इतिहासाभ्यासातील परिचित नियम येथे विशेष प्रत्ययास येतो.

रस्त्यावरील गणना आणि एककाचा प्रश्न

विसाव्या शतकात मोजणीला शास्त्रीय रूप आले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७२ च्या मार्गदर्शिकेने ग्रामीण रस्त्यांवरील वाहतूक गणना वर्षातून किमान दोनदा, सलग सात दिवस करावी, असे सुचविले. त्यांपैकी एक गणना सुगीच्या हंगामात अपेक्षित होती. नारायणगाव, मंचर यांसारख्या बाजारगावांचा अनुभव असणाऱ्यास या सूचनेचे मर्म सहज कळेल. भाजीपाल्याच्या हंगामातील रस्ता आणि भर उन्हाळ्यातील रस्ता एकच नसतो.

निरनिराळी वाहने एका मापात आणण्यासाठी ‘प्रवासी मोटार एकक’ वापरले जाते. मोटार एक, सायकल अर्धे आणि मोठी बैलगाडी आठ एकके, असे प्रमाण काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत दिले आहे. बैलगाडीचे मोल येथे मोटारीच्या आठपट ठरते, कारण ती रस्ता अधिक अडविते. मोजणारा रस्त्याच्या क्षमतेचा विचार करीत असल्याने हे प्रमाण योग्यच आहे. परंतु तोच आकडा माणसांची ये-जा समजून वाचल्यास निष्कर्ष विपरीत निघेल. एकक मोजणाऱ्याच्या हेतूतून जन्मते, हे यावरून दिसून येते.

वेब ॲनालिटिक्स : संख्या आणि नाव यांची सांगड

संकेतस्थळांची मोजणीही एककाच्या गोंधळातूनच सुरू झाली. सर्व्हरवरील लॉग या नोंदवहीत प्रत्येक मागणीची एक ओळ लिहिली जाते. त्यात मागणी करणाऱ्या संगणकाचा आयपी पत्ता, वेळ आणि मागितलेली फाइल हे तपशील असतात. एका पानावर दहा चित्रे असली, तर ते पान एकदा उघडताच अकरा ‘हिट्स’ नोंदल्या जातात. १९९० च्या दशकात अशा हिट्सचे आकडे अभिमानाने मिरविले गेले. पुढे पृष्ठदर्शने, भेटी आणि भेट देणारे असे भेद रूढ झाले. तरीही अडचण उरलीच. सायबर कॅफेतील एका पत्त्यामागे अनेक माणसे असू शकतात. एकाच घरातील एका मोबाइलवर तीन पिढ्या वाचू शकतात. उलट, एकच प्राध्यापक महाविद्यालयात, घरी आणि मोबाइलवर तीन स्वतंत्र ‘वाचक’ म्हणून गणला जाऊ शकतो. माणूस नसलेल्या स्वयंचलित आज्ञावलींच्या भेटी त्यात मिसळतात, त्या वेगळ्याच.

१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ‘कुकी’ ही संकल्पना वेबवर आणली. भेट देणाऱ्याच्या ब्राउझरवर ठेवलेल्या या लहानशा खुणेमुळे तोच ब्राउझर परत आल्याचे ओळखता येऊ लागले. गूगलने २००५ मध्ये अर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगल ॲनालिटिक्स ही सेवा विनामूल्य सुरू केली. या सेवेत नोंद संस्थेच्या सर्व्हरवर न राहता त्रयस्थ कंपनीकडे जाते. घाट एकाचा आणि रांजण दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था आहे.

रांजणात संख्या होती, नाव नव्हते. दानलेखात नाव होते, संख्या नव्हती. वेब ॲनालिटिक्सने संख्या आणि ओळख यांची सांगड घातली, आणि तीही बहुधा वाटसरूच्या नकळत. सुलसदत्ताने आपले नाव स्वतः कोरविले होते. संकेतस्थळाच्या वाचकाची खूण मात्र दुसराच कोरतो. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने संमतीचे तत्त्व कायद्यात आणले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा आहे. गूगल ॲनालिटिक्सची ‘युनिव्हर्सल’ ही आवृत्ती १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेईनाशी झाली आणि जुलै २०२४ पासून तिच्यातील जुनी माहिती वापरकर्त्यांना पाहता येणे बंद झाले. नव्या आवृत्तीत मोजणीचा पाया भेटीऐवजी ‘घटना’ हा झाला. त्यामुळे ज्या संस्थांनी आपल्या नोंदी वेळीच उतरवून ठेवल्या नाहीत, त्यांचा अनेक वर्षांचा इतिहास नष्ट झाला. ज्यांनी ठेवल्या, त्यांनाही जुन्या व नव्या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. दोन सहस्रकांपूर्वी टाक्यावर कोरलेले सोपाऱ्याच्या गोविंददासाचे नाव आजही वाचता येते.

निष्कर्ष

१. रहदारीची कोणतीही मोजणी प्रत्यक्ष माणसांची नसून त्यांच्या खुणांची असते. नाणे, दानलेख, वाहन एकक आणि कुकी ही अशा खुणांची चार रूपे होत.

२. प्रत्येक मोजणी मोजणाऱ्याच्या हेतूने मर्यादित होते. राजसत्तेने दक्षिणा नोंदविली, दात्याने पुण्य नोंदविले, अभियंत्याने रस्त्यावरील भार नोंदविला. नाणेघाटातील हमाल आणि आहुपे घाटातील महादेव कोळी वाटसरू या कोणत्याही नोंदीत आले नाहीत.

३. संस्थेच्या संकेतस्थळाचा भेटींचा आकडा अहवालात देताना त्याचे एकक, कालावधी आणि साधन नमूद करणे आवश्यक आहे. तसे न केल्यास तो आकडा रिकाम्या रांजणाइतकाच अनुमानाचा विषय ठरेल.

४. अशा नोंदींचे वार्षिक गोषवारे, वैयक्तिक ओळख वगळून, संस्थेच्या स्वतःच्या दप्तरी जतन करावेत. ग्रामीण भागातील विद्यार्थी ज्ञानाच्या या नव्या वाटेने केव्हा आणि कोणत्या दिशेने गेले, हे उद्याच्या इतिहासकारास सांगणारे साधन तेच असेल.