म्हाताऱ्याचे रंगीत खडू

आम्हां मास्तरांचा जन्म खडूच्या धुळीत जायचा. म्हणूनच की काय, पॅरिसच्या शार्दां या चित्रकाराची हकीकत मला घरची वाटते.

बिलियर्डची मेजे बनविणाऱ्या सुताराचा हा मुलगा, जन्म १६९९ चा. तांब्याची भांडी, फळे, मासळी तैलरंगांत रंगविण्यात त्याने हयात घालविली. सत्तरीच्या सुमारास डोळे अधू झाले, तैलरंग बाधू लागले. तेव्हा त्याने पेस्टल हाती घेतले. पेस्टल म्हणजे रंगाची पूड किंचित डिंकाच्या पाण्यात मळून वळलेली कांडी. तेल नको, वाळण्याची वाट पाहणे नको. मात्र रंग आधी कालवून घेण्याची सोय नाही. कागदावरच एका रेघेशेजारी दुसऱ्या रंगाची रेघ ओढायची, हवे तेथे बोटाने चोळायचे. भुकटी झडते, म्हणून वर काच हवीच. (आमच्या फळ्याला ती कोण बसविणार?)

१७७५ साली त्याने स्वतःला चितारले. डोक्याला फडके, कपाळावर उजेड अडविणारी झापड, नाकावर चष्मा. ते चित्र आज लूव्रमध्ये आहे. मी पाहिली ती छापील प्रत, तीही नुकत्याच लागलेल्या चष्म्यातून. म्हातारा असा रोखून पाहतो, की आपणच सावरून बसावे! त्याच वर्षी त्याने, त्याच खडूंनी, बायकोचेही चित्र काढले.