सिल्वासातील भाषाशिक्षण: सत्ता आणि व्यवहार

भाषा शिकवणाऱ्या ॲपला शिकणारा मिळवण्यापेक्षा टिकवणे अवघड जाते. सलग किती दिवस सराव झाला हे मोजणारी ‘स्ट्रीक’ ही त्यावरचीच युक्ती होय. दादरा व नगर हवेलीतील सिल्वासा शहरात हा प्रश्न राजसत्तेलाही सुटला नाही. मराठ्यांशी १७७९ मध्ये झालेल्या तहानुसार १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली, १७८५ मध्ये त्यांनी दादरा विकत घेतले आणि त्यांचा अंमल १९५४ पर्यंत चालला. तरीही पोर्तुगीज जनसामान्यांची भाषा झाली नाही, कारण मजुरीचा हिशेब, बाजारातील घासाघीस आणि लग्नाची बोलणी वारली, कोकणा, धोडिया, गुजराती व मराठीतच होत असत, आणि कचेरीबाहेर उपयोगी न पडणाऱ्या भाषेचा सराव कोणी चालू ठेवत नाही.

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. या मुक्तिसंग्रामातील एक सेनानी विश्वनाथ नरवणे यांनी पुढे ‘भारतीय व्यवहार कोश’ रचला. सोळा भाषांतील रोजच्या वापराचे शब्द शेजारीशेजारी मांडणारे हे काम १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि शिकणाऱ्याची खरी गरज ओळखणारा कोश म्हणून त्याचे मोल मोठे आहे. नंतर करसवलतींमुळे येथे कारखाने आले, परप्रांतीय कामगार आले आणि त्यांच्याबरोबर हिंदी पसरली; तिच्यासाठी कोणतेही आमिष दाखवावे लागले नाही. म्हणून उद्या कोणी वारलीचे ॲप काढले, तर त्याने गुण आणि बक्षिसांआधी दवाखान्यात, रेशन दुकानात आणि शाळेत लागणारी वाक्ये शिकवावीत.