आजोळचा नाग

पाश्चात्त्यांच्या कथांतील ड्रॅगन मुखाने आग ओकतो, धनाच्या राशीवर वेटोळे घालून बसतो आणि एखाद्या वीराने त्याचा वध केला म्हणजे कथा संपते. पूर्वेकडे मात्र त्याच जातीचा प्राणी पाऊस आणणारा, पाणवठे राखणारा कल्याणकर्ता ठरला. बौद्ध ग्रंथांचे चिनी भाषांतर करणाऱ्या पंडितांपुढे ‘नाग’ हा शब्द आला, तेव्हा त्यांनी आपल्या शुभंकर ड्रॅगनचेच नाव त्यासाठी योजिले. त्या नागाचे दर्शन घ्यावयास आपणांस चीनपर्यंत जावयास नको. वर्धा जिल्हा पुरे.

हिंगणघाटच्या दक्षिणेस, हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वडनेर हे गाव आहे. या मुलखाची जमीन काळी, पीक कपाशीचे आणि तुरीचे. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की साप बाहेर पडतात, आणि निंदणाऱ्या बायांचे हातपाय तर उघडेच असतात. हे भय खोटे नव्हे. परंतु आपल्या पूर्वजांनी भयावर मोठा सुंदर उपाय काढला. त्यांनी नागाशी नाते जोडले, आणि तेही आईच्या बाजूचे.

याच जिल्ह्यातील जांब येथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातील ताम्रपट सापडला. दान दिलेल्या गावाची सीमा म्हणून त्यात उमा नदी सांगितली आहे. ती आजची वणा, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दाखविले. त्या ताम्रपटातील वंशावळीत पहिला रुद्रसेन हा भारशिवांच्या महाराज भवनागाचा दौहित्र असल्याचे आवर्जून नोंदविले आहे. एरवी वंशावळ्या बापाकडून मोजतात. येथे राजा आपले नाग आजोळ अभिमानाने सांगतो.

त्याहूनही जुनी साक्ष वैनगंगेकाठच्या पवनीची. तेथे 1969-70 साली झालेल्या उत्खननात स्तूपाच्या अवशेषांत पाच फण्यांच्या नागाचे शिल्प निघाले. त्यावर मुचलिंद नागाचे नाव कोरलेले आहे. सात दिवस मुसळधार पाऊस कोसळत असता बुद्धांवर फणा धरून बसला तो हा मुचलिंद. पुढे 1956 साली नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या नगराची निवड का केली हे सांगताना, बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या नागलोकांचेच स्मरण केले.

हे झाले दगडाचे आणि तांब्याचे. नागपंचमीची कहाणी मात्र घरोघरच्या ओठांवर राहिली. साऱ्या सुना माहेरी जातात. धाकटीला माहेरचे कोणीच नाही. ती शेषाची वाट पाहते, आणि तो माणसाचे रूप घेऊन तिला न्यावयास येतो. पाताळात तिच्या हातून दिवा पडतो आणि नागाच्या पिलांच्या शेपट्या भाजतात. मोठेपणी ती पिले सूड घ्यावयास तिच्या घरी येतात, तो ही पाटावर नाग काढून त्यांच्याच सुखाची प्रार्थना करीत बसलेली! त्यांचा राग विरतो, आणि दुधाच्या वाटीत नवरत्नांचा हार ठेवून ती निघून जातात.

पाहा, हा नाग जात्या सौम्य नाही. दंश करण्याची शक्ती असून तो क्षमा करतो, कारण कोणी त्याला भाऊ म्हटले आहे. नाते म्हटले की दोन्हीकडून पाळावे लागते. म्हणूनच त्या दिवशी नांगर धरू नये, चिरू-कापू नये, चुलीवर तवा ठेवू नये. दिंडे उकडून खावीत. बहिणी आदल्या दिवशी भावासाठी उपास करतात, तोही याच श्रद्धेने. नाग दूध पीत नाही, हे आता शाळेतली मुलेही सांगतात. ते खरेच आहे. परंतु जमिनीखालच्या जिवासाठी वर्षातून एक दिवस नांगर थांबविणे यात काहीच खोटे नाही.

भाऊबीजेला ज्या बहिणीच्या दाराशी कोणी येत नाही, ती चंद्राला ओवाळते. श्रावणात तिच्याचसाठी आपल्या आज्यांनी पाताळातून भाऊ बोलावला होता.