तळटीप ७ : फोर्ट व्हिक्टोरिया
७. मंडणगड तालुक्यातील बाणकोटचा किल्ला, ऊर्फ हिंमतगड. एप्रिल १७५५मध्ये कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला तेव्हा त्याला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ हे नाव पडले. राणी व्हिक्टोरियाशी त्याचा संबंध जोडला जातो तो चुकीचा. राणीचा जन्मच १८१९चा. १७५६च्या तहाने पेशव्यांनी किल्ला आसपासच्या गावांसह कंपनीला दिला. पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणचा कारभार काही काळ येथून चाले. पत्रलेखक ‘साहेबाची कचेरी’ म्हणतो ती हीच. पुढे ती रत्नागिरीस हलली. सावित्रीच्या मुखावरील टेकडीवर जांभ्याचा तट, बुरूज आजही उभे आहेत. नाना फडणविसांचे वेळास तेथून जवळच आहे.