रस्त्यावरील छायाचित्र आणि कॅमेऱ्याची निवड : लातूर व नांदेडच्या संदर्भात

स्थानिक इतिहासाचे साधन म्हणून रस्त्यावरील छायाचित्रे अभ्यासताना ती कोणत्या कॅमेऱ्याने टिपली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारणे आवश्यक आहे.

लायकाने १९२५ मध्ये ३५ मिमी फिल्मचा लहान कॅमेरा बाजारात आणला आणि १९५४ च्या एम-३ मध्ये रेंजफाइंडर पद्धती परिपक्व झाली. या कॅमेऱ्यात आरसा नसतो. त्यामुळे आवाज अल्प होतो, शिवाय चित्र टिपण्याच्या क्षणीही दृश्य नजरेआड होत नाही. सोळा रस्ते जेथे मिळतात त्या लातूरच्या गंजगोलाईत, दोन-तीन पावलांवर चाललेली घासाघीस टिपण्यास हाच योग्य, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नांदेडच्या हल्लाबोल मिरवणुकीचे तसे नाही. तेथे घोडे दौडतात, गर्दी छायाचित्रकारास दूर लोटते. लांब पल्ल्याची लेन्स अपरिहार्य ठरते आणि रेंजफाइंडरवर १३५ मिमीच्या पुढील लेन्स सहसा वापरता येत नाही. १९५९ च्या निकॉन एफसारख्या एस.एल.आर. कॅमेऱ्यात मात्र लेन्समधून येणारे दृश्यच डोळ्यांस दिसते. तथापि, दुरून लांब लेन्सने घेतलेल्या चित्रात मागच्या-पुढच्या रांगांमधील अंतर आटल्यासारखे भासते. अशा चित्रावरून मिरवणुकीतील दाटीचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे.