शिल्लक कोणाची? अवसायनाची कुळकथा

गावची सोसायटी अवसायनात निघाली. देणी भागली, भागांचे पैसे परत गेले, खर्च वजा झाला, आणि तरीही लिक्विडेटरच्या हातात चार पैसे उरले. ते सभासदांनी वाटून घ्यायचे का? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 याच्या कलम 110 चं मूळ उत्तर सरळ नकाराचं होतं; राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीने सभासदांत वाटणी करायची मुभा पुढे दुरुस्तीने आली. कंपनी मोडली तर उरलेल्या मालमत्तेवर भागधारकांचा हक्क असतो. इथे मूळ नियमाप्रमाणे ज्यांनी संस्था चालवली त्यांनाच शिलकीला हात लावता येत नव्हता. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हा अन्याय वाटतो. पण या नियमाचं कूळ सापडतं ते जर्मनीतल्या ऱ्हाईनकाठच्या खेड्यांत.

फ्रिडरिश विल्हेल्म रायफायझन हा तिथला गावोगावी बर्गोमास्टर (गावप्रमुख) म्हणून राहिलेला माणूस. सावकारी आणि नापिकी त्याने जवळून पाहिली होती. 1864 मध्ये हेडेसडॉर्फला त्याने कर्ज देणारी संस्था उभी केली. सभासद गरीब, म्हणून भांडवल नाही. तारण म्हणून सगळ्यांनी मिळून अमर्याद जबाबदारी घ्यायची. लाभांश वाटायचा नाही, नफा राखीव निधीत टाकायचा, आणि तो निधी कधीही फोडायचा नाही. संस्था मोडली तरीसुद्धा नाही: तेव्हा तो त्याच भागातल्या नव्या संस्थेसाठी किंवा सार्वजनिक कामासाठी ठेवायचा. यामागचा हिशेब भाबडा नव्हता. तीस वर्षं पोटाला चिमटा घेऊन साठवलेला निधी पुढच्या पिढीच्या डोळ्यांसमोर असला की कोणीतरी सभेत उठून ‘आता बंद करू’ म्हणणारच. बंद करून काहीच पदरात पडत नसेल, तर तो ठराव मांडायला कोण उठेल? संस्था मारण्यातला फायदाच त्याने काढून घेतला होता.

हिंदुस्थानात ही कल्पना आणली मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सन यांनी. सरकारने त्यांना शेतकऱ्यांच्या कर्जाचा अभ्यास करायला सांगितलं होतं. 1895 ते 1897 या काळात त्यांनी दिलेल्या भल्यामोठ्या अहवालाचं सार एवढंच, की इथे कोणी रायफायझन शोधून काढा. माणूस सापडणं अवघड होतं, कायदा करणं सोपं. तो 1904 मध्ये झाला. ग्रामीण पतसंस्थांना त्यात अमर्याद जबाबदारी आली आणि नफा निधीत टाकायची सक्ती आली. पुढच्याच वर्षी तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, गदगजवळच्या कणगिनहाळला, या कायद्याखालच्या अगदी सुरुवातीच्या सोसायट्यांतली एक नोंदली गेली.

जन्माच्या नियमांबरोबर मरणाचे नियमही आले, पण त्यांचं एक अंग, म्हणजे संस्था कोणी मोडायची हे, जर्मन नाही. संस्था मोडण्याचा अधिकार कोर्टाकडे न देता सहकारी संस्थांच्या रजिस्ट्रारकडे ठेवला गेला. 1904 च्या कायद्याच्या जागी आलेल्या 1912 च्या कायद्यात तर विसर्जनाच्या बाबतीत दिवाणी कोर्टाला अधिकारच नाही, असं स्वच्छ लिहिलं आहे. कोर्टाने मुख्यतः लिक्विडेटरच्या आदेशांची वसुली करून द्यायची. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांची कर्जखतं जाळली गेली, तेव्हापासून दख्खनमध्ये तरी शेतकरी, कागद आणि कोर्ट यांचं नातं सरकारला नीट माहीत होतं. वीस-तीस सभासदांच्या पतपेढीचा शेवट वकिलांच्या हाती देणं म्हणजे उरलीसुरली शिल्लकही घालवणं, हे वेगळं सांगायला नको. मोबदल्यात रजिस्ट्रारच्या माणसाला मात्र जबर अधिकार मिळाले. कोणत्या सभासदाने, माजी सभासदानेसुद्धा, तुटीपोटी किती भरायचं हे तोच ठरवणार. अमर्याद जबाबदारीच्या संस्थेत याचा अर्थ बैलजोडीपर्यंत जाऊ शकत होता.

1912 च्या कायद्यातली एक गंमत सांगायलाच हवी. आधी नोंदणी रद्द व्हायची, म्हणजे संस्था कायद्याने संपायची, आणि मग तिचे व्यवहार उरकायला लिक्विडेटर यायचा. नसलेल्या संस्थेच्या वतीने त्याने दावे लावायचे! महाराष्ट्राच्या 1960 च्या कायद्यात क्रम उलटा आहे. आधी अंतरिम आदेश (लिक्विडेटर तेव्हाच नेमता येतो), संस्थेला म्हणणं मांडायला महिना, मग अंतिम आदेश. सगळं आटोपल्यावर नोंदणी रद्द. संस्था स्वतःहून बंद करायची तरी पूर्वी एकूण सभासदांपैकी तीन-चतुर्थांशांचा अर्ज लागे. आता विशेष सभेला हजर असलेल्यांचे तीन-चतुर्थांश पुरतात.

शिलकीबद्दल मात्र, वाटणीची ती नंतरची मुभा सोडली, तर रायफायझन जागचा हलला नाही. पोटनियमांत काही उद्देश लिहिला असेल तर रक्कम त्याला जाते. नसेल तर ती रजिस्ट्रार विश्वस्त म्हणून सांभाळतो आणि त्याच उद्देशाच्या, साधारण त्याच भागातल्या नव्या संस्थेच्या राखीव निधीत घालू शकतो. तीन वर्षांत तशी संस्था निघाली नाही, तर स्थानिक उपयोगाचं काम, संघीय संस्था किंवा धर्मादाय.

खरी अडचण अशी की अवसायनात निघालेल्या संस्थेत शिल्लक क्वचितच असते. बहुतेक वेळा असते ती तूट, थकबाकीदारांची यादी आणि वाळवी लागलेलं दप्तर. बँकांच्या बाबतीत ठेवीदारांचा पैसा एवढा गुंतला की पुढे कलम 110-अ घालावं लागलं आणि अवसायनाला रिझर्व्ह बँकेची पूर्वसंमती आली. इतर संस्थांत वर्षानुवर्षं लिक्विडेटर बदलत राहिले, वसुली तशीच राहिली. म्हणून एका दुरुस्तीने कलम 109 मध्ये हद्द आखली: मालमत्ता आणि दप्तर ताब्यात घेतल्यापासून सहा वर्षं, एकेका वर्षाची मुदतवाढ मिळून दहा. त्यानंतर काम पुरं झालं असो वा नसो, अवसायन संपलं असं रजिस्ट्रारने मानायचं आणि तसा आदेश काढायचा.